खंडेनवमीची डिस्क

आकांक्षाचं लग्न झालं ते वर्ष, म्हणजे २०२२. मे महिन्यात दयानंद परब महिन्याची रजा काढून गावी नेरूरला गेला, मुलीला सासरी पाठवलं आणि परत मस्कतला आला. त्याच वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मस्कतच्या रुवी भागातल्या, तो काम करी त्या दवाखान्यातला सर्व्हर अडला. आणि त्याच सकाळी दयानंदला त्या सर्व्हरकडून एक गोष्ट हवी होती.

दवाखाना डॉक्टर नबील यांचा. हृदयाची तपासणी, सोनोग्राफी, एक्स-रे असं सगळं तिथे होई. दयानंद तिथे एकवीस वर्षं होता. जनरेटर, एसी, नळ, कुलपं, जे बिघडेल ते त्याच्याकडे येई. त्याची बायको जयवंती २०१९ साली दोन महिन्यांसाठी मस्कतला आली होती. जिना चढताना तिला धाप लागते हे बघून डॉक्टरांनी पैसे न घेता तिच्या हृदयाची सोनोग्राफी केली होती. झडप थोडी अरुंद आहे, गोळ्या घे, म्हणाले होते.

आता तीन वर्षांनी तीच झडप बंद व्हायला आली होती. कोल्हापूरचे सर्जन म्हणाले, आधीची सोनोग्राफी आणा. झडप किती वर्षांत किती अरुंद झाली ते बघून ठरवू, फुग्याने उघडायची की बदलायची, आणि किती घाई करायची. घरातला कागद वाळवीने खाल्ला होता. मूळ चित्रं फक्त रुवीच्या सर्व्हरवर होती.

"गावलो काय रिपोट?" सकाळी सातला जयवंतीचा फोन.

"अजून दवाखानो उघडूक नाय गो. आठ वाजता मागतंय."

"सावकाश मागा. मी खंय पळान जातंय?"

एवढं बोलतानाही ती मधे थांबून श्वास घेत होती.

आठ वाजता काउंटरवरच्या समरीनने जयवंतीचं नाव टाकलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. दुसरं नाव टाकलं, तेही फिरत राहिलं. नऊपर्यंत बाहेर वीस माणसं खोळंबली. डॉक्टरांनी मधुवंती मॅडमना फोन लावला.

मधुवंती गोखले मूळची पुण्याची. रुवी-हमरियातल्या आठ-दहा दवाखान्यांचे कॉम्प्युटर ती सांभाळायची. चाळिशीची बाई, केस करकचून बांधलेले, खांद्याला एक जुनी बॅग. तिच्या आधी येणारा माणूस आला की पहिल्यांदा सर्व्हर बंद करून चालू करी आणि चहा मागे. ही आली की खुर्ची ओढून बसायची आणि वाचायची.

त्या वाचण्याकडे दयानंद नेहमी बघत राही. तो स्वतः बेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकला होता, हमरियाच्या खोलीत, सोबत राहणाऱ्या अलीमियाँकडून. अजूनही ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे. शिकलेली माणसं कागदावरून नजर नुसती फिरवतात आणि "कळलं" म्हणतात, हे त्याने पुष्कळ पाहिलं होतं. ही बाई एवढी शिकलेली, पण पडद्यावर पेन टेकवून एकेक ओळ उतरत जायची. एकही ओळ गाळत नसे.

"काका, दार लावून घ्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथेच थांबा. हात लागेल."

पहिल्या दहा मिनिटांत तिला दोन गोष्टी कळल्या. सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती, म्हणून काम अडलं होतं. आणि ती डिस्क आजारीही होती. काही जुन्या फायली तिच्याकडून वाचल्याच जात नव्हत्या. २०१९ सालातल्या बऱ्याचशा त्यात होत्या.

दयानंद खुर्चीपाशी आला. "मॅडम, माझ्या मालकिणीची सोनोग्राफी..."

"समरीनने सांगितलं मला. बॅकअपमध्ये असणार ती. रोज दुपारी दोनला, दवाखाना बंद असतो तेव्हा, सर्व्हर आपली सगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवतो." तिने कपाटातल्या त्या काळ्या पेटीकडे बोट दाखवलं. "परवापर्यंत काम झालं म्हणून नोंद आहे. काल पहिल्यांदा फसलं, जागा नाही म्हणून."

डॉक्टर नबील दारात आले. भारतीयांशी ते हिंदीतच बोलत. "मैडम, पुराना कचरा निकालो, जगह बनाओ, खलास. बाहर लोग बैठे हैं."

"पंधरा मिनिट डॉक्टर. भरा क्यों, ये पहले देखना है."

"इन्शाल्ला पंधरा ही," म्हणून ते गेले.

दुसरं कोणी असतं तर जागा केली असती, काम चालू झालं असतं आणि सगळ्यांनी वाहवा केली असती. मधुवंती पेन टेकवून उतरत राहिली. मग एके ठिकाणी थांबली आणि हसली.

"हे बघा. बॅकअप ठेवायच्या जागेत अठरा दिवसांच्या प्रती आहेत, एकोणिसावी अर्धी. पण ही जागा बाहेरच्या डिस्कवर नाहीच. आजारी डिस्कवरच आहे. म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून अठरा दिवस आपण निर्धास्त."

"असं कसं झालं?"

"बाहेरची डिस्क सर्व्हरला त्या जागी सापडली नाही. तिथे रिकामा कप्पा होता, त्याने बिचाऱ्याने त्यातच भरलं. तक्रार केली नाही, कारण तक्रार कर असं त्याला कोणी शिकवलं नव्हतं." तिने बोटं मोजली. "पहिली चुकीची प्रत चार ऑक्टोबरची, मंगळवार."

ती उठून कपाटापाशी गेली. काळ्या पेटीला हात न लावता वाकून बघितलं, आणि पुन्हा खुर्चीत बसली.

चार ऑक्टोबर म्हणजे खंडेनवमी.

दर खंडेनवमीला तो पक्कड, पाने, ड्रिल सगळं पुसून मांडायचा, हळदकुंकू वाहायचा, जनरेटरला झेंडूचं फूल लावायचा. त्या वर्षी मुलीचं लग्न सुखरूप पार पडलेलं. त्याला वाटलं होतं, ही काळी पेटीही रोज मुकाट्याने राबते, तिलाच का वगळा? त्याने ती उपटली, ओल्या फडक्याने पुसली, हळदकुंकू लावलं. परत जोडताना मागचं भोक हाताला येईना, म्हणून पुढच्या भोकात खुपसली. हिरवा दिवा लागला. तो समाधानाने जेवायला गेला होता.

ओलं फडकं! त्याला तेवढंच आठवत राहिलं. आत पाणी गेलं असेल तर जयवंतीचं चित्र आपल्याच हाताने पुसलं. शिवाय डिसेंबरात करार संपत होता. एकसष्टी उलटलेल्या माणसाचा करार वाढवायचा की नाही हे डॉक्टरांच्या मनावर होतं.

पंधरा मिनिटं झाली आणि डॉक्टर परत आले. "क्या हुआ? किसी ने हाथ लगाया?"

मधुवंतीने मान वर केली नाही. "देख रही हूँ."

एवढ्यावर भागलं असतं, पुन्हा कोणी विचारलंही नसतं. दयानंद डॉक्टरांकडे वळला.

"मैंने लगाया, डॉक्टर. चार तारीख को. पूजा किया. निकालके पोंछा, फिर दूसरे छेद में लगाया."

डॉक्टर नबील त्याच्याकडे बघत राहिले.

मधुवंती मात्र चटकन वळली. "दुसऱ्या भोकात? सर्व्हर चालू असताना?"

"होय मॅडम."

"झालं तर! काका, अर्धा तास वाचवलात माझा." तिचे हात कीबोर्डवर चालू लागले. "सर्व्हर डिस्कला ओळखायचा ती रांगेत कितवी ते बघून. तुम्ही काढून परत जोडलीत, तिला पुढचा नंबर मिळाला. आणि बॅकअप रोज जुन्या नंबरच्या दारात जाऊन उभा. डिस्क जागेवर, दिवा लागलेला, पण तिला हाक मारणारं कोणी नाही."

"पाणी गेलं असेल काय आत?"

"बघू. आधी नुसती वाचायला उघडते, तिच्यावर काही लिहिणार नाही. तिच्याकडे आहे ते आता सोन्यासारखं आहे."

यादी उमटली. शेवटची तारीख तीन ऑक्टोबर. तिने २०१९ उघडलं, नाव शोधलं. काळ्या पडद्यावर पंख्याच्या आकाराचं राखाडी चित्र उलगडलं आणि त्यात एक झडप उघडमीट करू लागली. कोपऱ्यात नाव होतं. दयानंदने पुढे होऊन पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक इंग्रजी अक्षर लावून ते वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

चित्रं त्याच मिनिटाला कोल्हापूरला गेली. तरी मधुवंती उठली नाही. तीन तारखेनंतरच्या तपासण्या तिने सर्व्हरवरून सोडवून दुसरीकडे ठेवल्या, चुकीच्या प्रती पुसून टाकल्या. डिस्कला तिच्या अंगच्या कायमच्या ओळखीने बांधून टाकलं, मग ती कुठल्याही भोकात असो. बॅकअपलाही शिकवलं, की डिस्क जागेवर नसेल तर काम करू नकोस, आरडाओरडा कर. दुपारी दोनला काम आपल्या वेळेवर सुरू होताना तिने समोर बसून पाहिलं. संपल्यावर त्यातल्या चार फायली परत आणून उघडल्या.

"झालं म्हणतंय ना ते?" दयानंदने विचारलं.

"अठरा दिवस झालंच म्हणत होतं की."

ती बॅग आवरत असताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, पेटीवरचं कुंकू तुम्हाला दिसलं होतं."

"आल्या आल्या दिसलं. पण कुंकवावर तारीख नसते, काका. काय केलंत, कसं केलंत, ते तुमच्याकडेच होतं." तिने त्याच्या हातात पेटीवर लावायची पांढरी चिकटपट्टी आणि पेन दिलं. "लिहा. तुमच्या अक्षरात."

त्याने ठळक मराठीत लिहिलं: काढू नये. पूजा वरूनच करावी.

डॉक्टरांनी ते मधुवंतीकडून वाचून घेतलं आणि खो खो हसले. "अगले साल भी करो. मैडम को पूछके."

डिसेंबरात करार वाढला. सर्व्हरची आजारी डिस्क त्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी पुरती बंद पडली. नवी बसवून मधुवंतीने सगळं परत भरलं, एकही रुग्ण न गमावता. कोल्हापूरच्या सर्जननी जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून पाहिली, थांबायला वेळ नाही म्हणाले आणि नोव्हेंबरात झडप बदलली. जयवंती पुन्हा विहिरीवर जाऊ लागली. आकांक्षाची मुलगी उर्वी तिच्याच हाताखाली रांगली, तिचंच बोट धरून चालली.

नव्या झडपेवर पावणेदोन वर्षं जगून जयवंती दयानंद परब ९ ऑगस्ट २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी, नेरूरच्या घरी वारली.