मला बाजूला सरकवलं तो दिवस

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. कोर्टातली. खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्यासाठी आजवर कुणी बोटही हलवलेलं नाही. कारण मी साक्षीदाराची खुर्ची. माझ्यावर बसायचं म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो.

सुतारानं मला घडवलं तेव्हा एक पाय नखभर आखूड राहिला. त्याच पायावर मी जन्मभर मजा केली. कुणी थाप मारायला लागला की चुळबुळतो, आणि तो चुळबुळला की मी डुगडुगते. "खुर्ची बोलली बरं का," असं शिपाईकाका हळूच म्हणायचे. माझं कौतुक करणारे तेवढे एकच. माझ्या पाठीला एक खिळाही वर आलाय. तो मी सरकारी वकिलांच्या कोटासाठी राखून ठेवलाय.

एकदा एक मामा आला. डोंगरातला आदिवासी, शहरात बांधकामावर विटा वाहायचा. बहीण वारली, तिची पोरगी याच्याजवळ. बालकल्याणवाल्यांनी पाहिलं, आई नाही, बाप नाही, मामाकडे कागद नाही. पोरगी उचलली आणि बालगृहात नेऊन ठेवली. मामाला ती परत हवी होती. त्यांच्यात मूल पहिलं पाऊल मामाच्या पायावर पाय ठेवून टाकतं, आणि त्या दिवसापासून ते मामाचं.

मामाला माझ्यावर बसवलं. विचारलं, "ही मुलगी तुझी कोण?"

मामा गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. आणि इतका स्थिर की मला डुगडुगायची सोय नाही.

सरकारी वकील खूष. "साहेब, याला काही सांगायचंच नाही. तशी नोंद व्हावी."

तशी नोंद झाली की पोरगी गेलीच. तेवढ्यात दुभाषी म्हणून आणलेली मामाच्याच गावची एक बाई, सगळे तिला मावशी म्हणत, ती फिस्सकन हसली.

"अहो, त्याला वर बसवलंत. मग कसा बोलेल तो?"

"म्हणजे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आमच्यात उंचावर बसून बोलायचं ते बाजारातलं. भाव करायचा, थापा मारायच्या. लेकराचं बोलायचं तर बूड जमिनीवर, तळहात जमिनीवर. खुर्चीवरून 'माझी' म्हणाला तर तो सौदा झाला की."

"डोंगरातला रिवाज डोंगरात," सरकारी वकील म्हणाले. "इथं कोर्टाची पद्धत चालते."

मामाची वकीलबाई उठली. "साहेब, रिवाज जपायचा हक्क राज्यघटनेनं माणसाला दिलाय, डोंगराला नाही. पोटासाठी माणूस खाली उतरला, तर हक्क काय वरच राहतो? आणि पोर कुणाचं, हेही त्यांचा रिवाज समजून घेऊनच ठरवायला हवं."

न्यायाधीशांनी चष्मा काढून मामाकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिपाई, ती खुर्ची जरा बाजूला घ्या."

मला भिंतीशी लावलं. मामा फरशीवर बसला, तळहात टेकले आणि जो सुटला! पोरगी तापात काय बडबडते, पडलेले दात कुठं लपवते, भांडली की कोणत्या कुशीवर झोपते. ते मराठीत सांगता सांगता मावशीला धाप लागली. मग बालगृहातून आणलेल्या पोरीला विचारलं, कुणाकडे राहायचं? तीही मामाशेजारी फतकल मारून बसली, हात टेकले आणि म्हणाली, "मामाकडे."

न्यायाधीशांनी मामाचा हक्क मान्य केला. शाळा बुडवायची नाही, एवढी अट घातली.

सगळे उठले, तशी पोरगी टुणकन माझ्यावर चढली. "मामा, रोज खांद्यावर बसवून शाळेत सोडायचं."

"रोज नाही. एक दिवसाआड."

"मग मी येतच नाही."

"बघा," मावशी म्हणाली, "खुर्चीवर बसली, की लागली भाव करायला."

मामा रोजवर आला. मी आनंदानं डुगडुगले.

आता डोंगरातलं कुणी साक्षीला आलं की मी भिंतीशी असते. धूळ बसते, ती तेवढी पुसत जा. आणि मित्रांनो, लांबून कुणी तुमच्या दारात आलं, तर खुर्ची जरूर पुढं करा. पण आधी विचारा, "तुम्ही कुठं बसून बोलता?"