झाकण उघडंच राहील

धुळ्यात देवपुरातल्या उज्ज्वलाच्या घरी कपडे धुण्याचं मशीन येऊन वर्ष झालं होतं. पावसाळ्यात त्यातून नासका वास येऊ लागला, आणि धुतलेल्या सदऱ्यांनाही तो लागला. सासूबाईंनी, द्रौपदाबाईंनी, शेजारणींदेखत निकाल देऊन टाकला.

"तू तुन्हा त्या दिनस्ना कपडा याम्हा टाकस, म्हनीसन वास येस. आजपासून मशीनला हात लावू नको."

पाळीच्या कपड्यांचा विषय निघताच शेजारणी पदराआड हसल्या. उज्ज्वलाचे कान तापले, पण ती आत पळाली नाही. तिने मशीन ओसरीवर ओढलं, सांडपाण्याची नळी काढली आणि खाली धरली. काळं, बुळबुळीत पाणी आणि साबणाचा गाळ भसकन फरशीवर पडला. शेजारणींनी नाकं धरली.

"घ्या, हा तुमचा वास!"

मग तिने कढत पाण्यात सोडा घालून मशीन फिरवलं, कडेची बुरशी घासून काढली. सासूबाईंनी मशीनवर घालायला हौसेने विणलेलं मोरांचं कव्हर घडी करून त्यांच्याच हातात दिलं.

"आता झाकण उघडंच राहील, आई. कोंडलं की कुजतंच."

"आन् त्या कपडा?" द्रौपदाबाई पुटपुटल्या.

उज्ज्वलाने न्हाणीतून आपली बादली आणली, सगळ्यांसमोर त्यातले तेच कपडे मशीनमध्ये टाकले आणि बटण फिरवलं. द्रौपदाबाई ताडकन उठून आत गेल्या.

दुपारी ऊन पडलं. उज्ज्वलाने ते कपडे अंगणातल्या दोरीवर, नवऱ्याच्या सदऱ्यांना लागूनच वाळत घातले. ते काढायला कुणी गेलं नाही.