कोंडीरामचा काटा अद्ययावत होतो

कुंभिवलीला हायवेच्या कडेला कोंडीरामचा वजनकाटा आहे. ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर, ज्याला म्हणून चाकं आहेत ते माल भरून या काट्यावर चढतं आणि साठ किलोनं हलकं होऊन उतरतं. यात आपला काही दोष आहे असं कोंडीरामला कधीच वाटलं नाही. भात आणि भंगार विकत घेणारे व्यापारी लोकांना मुद्दाम त्याच्याच काट्यावर पाठवत, ते काय त्याचं रूप बघून? काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये पुतण्या योगेंद्रनं तशी सोय करून दिली होती. कोंडीराम तिला ‘काट्याचा प्रसाद’ म्हणायचा. देवाला इतकं कामाला लावणारा भक्त अख्ख्या खालापूर तालुक्यात दुसरा नसेल.

यंदा मात्र प्रसादानं पंचाईत केली. जवळच नवा कारखाना उभा राहिला होता आणि त्यांना गाड्या तोलायला बाहेरचा काटा हवा होता. तिथली खरेदी बघणाऱ्या विनिताबाईंनी फोनवर सांगितलं, “दसऱ्याला आमची पूजा आटोपली की एक भरलेली गाडी घेऊन येते. ती आधी दुसरीकडे तोललेली असेल. तुमचं वजन जुळलं, तर पुढच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे.”

कोंडीरामच्या डोळ्यांसमोर गाड्यांची रांग थेट चौक गावापर्यंत गेली. पण जुळायचं कसं? त्याचा काटा साठ किलो गिळल्याशिवाय आकडाच दाखवत नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्याला खऱ्या वजनाची गरज पडली होती, आणि नेमकं तेच त्याच्याकडे नव्हतं.

योगेंद्रचं शिळफाट्याला कॉम्प्युटरचं दुकान. हुशार गडी, फक्त तोंडाला झाकण नाही. तो म्हणाला, “काका, नवं सॉफ्टवेअर टाकू. त्यात एक गुपचूप बटन ठेवतो. दाबलंत तर कापंल, नाय दाबलंत तर नाय.”

“म्हंजे बाईंना खरा आकडा आनि बाकीच्यांना प्रसाद?”

“तुमची मर्जी.”

विज्ञान केवढं पुढं गेलंय, या विचारानं कोंडीरामला भरून आलं.

दसऱ्याला सकाळी काटा धुऊन निघाला. झेंडूची तोरणं लागली. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, त्यातलं बरंचसं कीबोर्डच्या फटीत गेलं. नारळ फुटला आणि योगेंद्रनं नवं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. पडद्यावर एक चौकट आली. ‘जुन्या सर्व सेटिंग काढून नवीन आवृत्ती मूळ स्वरूपात बसवा’ असं त्यात लिहिलेलं, आणि पुढं आधीच टिक मारलेली.

“ही टिक काढायला लागंल,” योगेंद्र म्हणाला.

कोंडीरामनं त्याचा हात धरला. “कुनी मारली ती?”

“कुनी नाय. ती आपली आपणच मारून येते. सगळ्यांना तशीच येते. पन ऱ्हायली तर मी जुन्यात लिवलेलं सगळं जाईल.”

“जाऊ दे की. दसऱ्याला जुनं ठेवतात का रं? मशीन सोताच्या तोंडानं म्हनतंय नवं करतो, आनि तू मुहूर्तावर नाय म्हनतोस. अपशकुन करू नको.”

“काका, ऐका तरी—”

“पुढं दाब.”

योगेंद्रनं पुढं दाबलं. पगारी नोकर थोडाच होता तो, दोनदा समजवायला? हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि कोंडीरामनं तिच्यावरही अक्षता टाकल्या.

दुपारी विनिताबाई आल्या. त्यांचा ट्रक काट्यावर चढला. कोंडीरामनं बटनाला बोटही लावलं नाही. बाईंनी आपली पावती आणि त्याची पावती शेजारी शेजारी धरली. वजन किलोला किलो जुळलं होतं.

“इतका अचूक काटा या भागात बघितला नव्हता,” त्या म्हणाल्या. कोंडीरामची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. “आमच्याकडं हेराफेरी चालत नाय मॅडम. वाडवडलांपासून नाय.” वाडवडलांकडे साधी बैलगाडीही नव्हती, पण ते सांगायला तिथं वाडवडील नव्हते. त्यानं चहा मागवला.

ट्रक बाजूला लागला, चहा आला आणि मागोमाग एक टेंपो येऊन थांबला. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची पोती भरलेली, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी अंबूबाई, कोंडीरामची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं. दरसाल तिचं भात पहिलं याच काट्यावर यायचं. मिलचा काटा जवळ असला तरी ती वाट वाकडी करून यायची, कारण काटा भावाचा होता.

जुन्या प्रोग्रामला बहीण-भाऊ कळत नव्हते, तो सगळ्यांनाच कापायचा. आता बटन कोंडीरामच्या हातात होतं. आज बहिणीला सोडता आलं असतं. टेंपो काट्यावर चढला आणि कोंडीरामचं बोट बटनावर गेलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं विचारही केला नव्हता. बोट आपलं आपणच गेलं.

आकडा हलला नाही. त्यानं पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं.

मागून योगेंद्रचा खणखणीत आवाज आला. “काका, कापायचं बटन आता चालायचं नाय. त्याचा सगळा कारभार जुन्या सेटिंगमधे हुता. सकाळी टिक काढतो म्हनलो तर तुमीच हात धरलात.”

विनिताबाईंनी कप खाली ठेवला. “काय कापायचं?”

योगेंद्रला तेव्हा कुठं आपण काय बोललो हे कळलं. बाईंनी दोन्ही पावत्या पर्समध्ये टाकल्या, ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली आणि निघून गेल्या. जाताना चांगल्या शब्दांत निरोप घेतला, तेच जास्त लागलं.

अंबूबाई पडद्यासमोर उभी होती. टेंपोचं वजन वजा होऊन नुसत्या भाताचा आकडा तिथं आला होता. तिला अक्षर येत नसलं तरी आकडे येत. पोती तेवढीच होती, दरसालासारखी, तिनं स्वतः मापानं भरलेली.

“एवढंच भरायचं रं घरी,” ती म्हणाली. “हितं आलं की कमी.”

“अक्का, ते मशीनचं...” कोंडीराम म्हणाला.

“तुज्या काट्यात खोट कशी असंल? मला वाटायचं, माजाच तराजू बिघडला.” तिनं पदरानं कपाळ पुसलं. “गेल्या साली भंगारात दिला मी तो. सासूच्या हातचा हुता.”