मक्याला पडलेलं मत

"इबू, मान जरा खाली घ्या, नाहीतर कणसं डोक्यात पडायची," असे म्हणत गितोने स्टुलावर चढून वारसितीच्या खुर्चीवरच्या बांबूला मक्याचा झुपका बांधला. शेजारच्या खुर्चीवर भाताच्या लोंब्यांची जुडी आधीच झुलत होती. त्या खुर्चीत तिचा नवरा प्रावोतो बसला होता. अंगात काळा बंद गळ्याचा कोट, डोक्यावर बाटिकची टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर.

गावप्रमुखाच्या म्हणजे लुराहच्या निवडणुकीत उमेदवारांनी सकाळपासून मोजणी संपेपर्यंत मंचावर असे नटून बसायचे, ही त्या डोंगरउतारावरची जुनी रीत होती. मतपत्रिकेवर आता फोटो छापून येत. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आग्रहाखातर फोटोखाली भात आणि मका यांची चित्रे कायम होती, आणि मत द्यायचे ते चित्रावर खिळ्याने भोक पाडून. कायद्याने किमान दोन उमेदवार लागत. प्रावोतोविरुद्ध उभे राहायला गावातून कुणी पुढे आले नाही, म्हणून त्याने बायकोचा अर्ज भरला होता. मागेही एकदा असेच झाले होते.

"लुराह आणि इबू लुराह, दोघंही सजून बसलेत," खालून कुणीतरी म्हणाले. "निकाह लावणारे कुठं राहिले?"

"तो एकदा लावून झालाय," प्रावोतो म्हणाला. "आज फक्त मोजणी."

मांडव हसला. लोकांना हसवणे त्याला पहिल्यापासून जमत असे.

गितो स्टुलावरून उतरला. तो शेजारी होता, सगळ्या गावासारखा वारसितीला मानाने इबू, म्हणजे बाईसाहेब म्हणायचा आणि तालुक्यातल्या एकूण एक निवडणुकीवर पैज लावायचा. "जिंकणार कोण ते सगळ्यांना माहीत, त्यावर पैज कोण घेणार? म्हणून मी शून्यावर लावलीय. मक्याला शून्य. इबू, माझी लाज राखा."

"मी काय राखणार? लोकांना सांग."

"लोकांना तुम्हीच सांगून आलात की. 'मला मत देऊ नका' म्हणत घरोघर फिरणारा उमेदवार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला." मग त्याने आवाज खाली आणला. "काल उजेड उतरला म्हणतात."

मतदानाच्या आदल्या रात्री आभाळातून निळसर उजेडाचा गोळा उतरतो आणि ज्याच्या छपरावर पडतो तो लुराह होतो, असे तिकडे सगळेच मानत. प्रावोतोच्या पहिल्या निवडणुकीत तो त्याच्या घरावर पडलेला निम्म्या गावाने पाहिला होता. निदान नंतर तसे सांगितले तरी होते.

"आमच्याच छपरावर ना?" प्रावोतोने विचारले.

"तुमच्याच. पण मागच्या अंगाला. स्वयंपाकघरावर."

प्रावोतो हसला आणि त्याने टोपी नीट केली. हसू ओठांपुरतेच होते, हे वारसितीने पाहिले.

"या वेळी एकही मत इकडेतिकडे नको," असे तो गेला महिनाभर म्हणत होता. जिल्हा परिषदेच्या मागच्या निवडणुकीत तो पडला, आणि पडला तो थोडक्यात, आपल्याच गावात मते कमी पडल्यामुळे. पक्षाच्या लोकांनी त्याला तोंडावर विचारले होते, "तुमचं गाव तरी तुमचं आहे का?" त्याचे उत्तर त्याला आज द्यायचे होते. पूर्ण गाव, एका हाती. ते दाखवले तरच पुढच्या वेळी तिकीट मिळणार होते. वारसितीलाही आज मक्याला शून्यच हवे होते. तिचे कारण मात्र वेगळे होते.

मागच्या वेळी ती अशीच उभी राहिली, तेव्हा मक्याला अकरा मते पडली होती. तेव्हा प्रत्येक वस्तीची पेटी वेगळी असे. अकराच्या अकरा वरच्या वस्तीच्या पेटीतून निघाली. गावाने ती गंमत म्हणून घेतली, प्रावोतोनेही मंचावर गंमत म्हणूनच घेतली. त्या उन्हाळ्यात वरच्या वस्तीच्या नळाला पाणी येणे बंद झाले.

ते पाणी प्रावोतोनेच आणलेले होते. तरुणपणी डोंगरातल्या झऱ्याखाली टाकी बांधून त्याने दोन लायनी काढल्या, एक गावाला, एक वरच्या वस्तीला. पाइप त्याने स्वतः खांद्यावर वाहून नेले होते. उजव्या खांद्यावरचा घट्टा अजून हाताला लागे. त्या पाण्यावरच तो पहिली निवडणूक जिंकला, आणि तेव्हा त्याच्यासमोर खरा, तोलामोलाचा माणूस उभा होता. टाकीजवळचा व्हॉल्व्ह जमिनीत खोल बसवलेला होता. तो फिरवायला लांब दांड्याची लोखंडी चावी लागे. ती चावी एकच होती आणि प्रावोतोच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ खुंटीला टांगलेली असे.

"लाइन फुटलीय, बघतो," एवढेच तो त्या उन्हाळ्यात म्हणत राहिला. वरच्या वस्तीच्या बाया डबे घेऊन घळीत उतरू लागल्या.

एका दुपारी वारसिती तंबाखूच्या शेतातून परतत असताना घळीच्या बाजूने आवाज आला. रिकामा पत्र्याचा डबा दगडावरून दगडावर आपटत खाली चालला होता. टण, टण, मग थोडे थांबून पुन्हा टण. कुणाचे तरी पोर खेळत असेल, असे वाटून ती पुढे निघून गेली. वरच्या वस्तीतली म्हातारी, म्हाबाह म्हणजे आजी सोइनाह, घळीत मरून पडलेली सापडली ती संध्याकाळी. प्रावोतोने खुंटीवरची चावी काढली आणि कुणाशी न बोलता वर गेला. म्हातारीला शेवटची अंघोळ घातली ती नळाच्या पाण्याने. दफनाच्या वेळी तो चांगले बोलला, लोक रडले. पुढची निवडणूक त्याने जिल्हा परिषदेची लढवली आणि जिंकली. त्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना वारसितीला पहिल्यांदा तो डबा पुन्हा ऐकू आला.

तेव्हापासून तो येई. तवा ठेवताना, नमाजाला वाकताना, पाहुण्यांना कॉफी देताना. आवाज नेहमी वरून खाली जाई आणि मध्येच तुटे, कारण त्या दिवशी तिने तो पुरता ऐकलाच नव्हता.

आठवड्यापूर्वी ती सोयाबीनचे तळलेले टेम्पे टोपलीत घेऊन वरच्या वस्तीत गेली होती. शेवटचे घर सोइनाहच्या सुनेचे, पार्तीचे. पार्ती अंगणात तंबाखूची पाने निवडत होती.

"या इबू. प्रचाराला का?"

"हो."

"मग बोला, काय देणार? रस्ता देणार का दिवा?"

"चेष्टा नको करू, पार्ती. भातावर खिळा मार. तू मार, तुझ्या नवऱ्याला मारायला सांग."

"आणि मक्यावर मारला तर?"

"तर ते शोधतील."

"आता पेट्या वेगळ्या नाहीत म्हणे. सगळ्या गावाची मतं एकत्र ओतून ढवळतात, मग मोजतात. नवा नियम आहे. कसे शोधतील?"

"शोधायला लागत नाही," वारसिती म्हणाली. "त्यांना सापडलंय असं वाटलं, की पुरतं."

पार्तीने एक पान उन्हात धरून पाहिले, बाजूला ठेवले. "सासूबाई म्हणायच्या, इबू लुराहचा चेहरा मऊ आहे. म्हणूनच त्यांनी त्या वेळी मक्यावर मारलं होतं. नवऱ्याविरुद्ध नाही हो. तुमच्यासाठी."

वारसिती ओसरीच्या कडेला टेकली. भिंतीशी एक निळा डबा होता, एका बाजूने चेपलेला, तोंडाशी फडके बांधलेला.

"त्यात बियाणं ठेवते," पार्ती म्हणाली. "पाणी राहत नाही त्यात आता."

"पार्ती, मला कबूल कर."

"टेम्पे छान झालेत," पार्ती म्हणाली आणि तिने कबूल काहीच केले नाही.

ऊन वर आले तशी रांग वाढली. माणसे मंचासमोरून जात, लवून नमस्कार करत, पडद्यामागे जाऊन खिळ्याने कागदाला भोक पाडत आणि शाईत बोट बुडवून परतत. प्रावोतो प्रत्येकाला नावाने हाक मारी. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुलगा सुराबायाला गेला, हे त्याच्या ध्यानात असे. त्यात खोटे काही नव्हते. वारसिती मात्र नजरा चुकवत होती. कुणी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले, की ती डोळ्यांनीच नको नको म्हणे.

पार्ती आली ती सुनेचा नव्हे, एखाद्या यजमानिणीचा डौल घेऊन. तिने प्रावोतोला लवून नमस्कार केला. वारसितीसमोर ती थांबली.

"इबू, कणीस वाकडं बांधलंय," ती म्हणाली आणि वाकून तिने लोंबणारा पाला नीट केला. मग पडद्यामागे गेली. खूप लांबून, घळीच्या दिशेने, टण, टण असा आवाज वारसितीच्या कानात सुरू झाला.

दुपारी उमेदवारांनी स्वतःची मते दिली. पडद्याआड फळकुटावर दोरीने बांधलेला खिळा होता. मतपत्रिकेवर प्रावोतो हसत होता. शेजारी ओळखपत्रावरून घेतलेला तिचा फोटो, कुणीतरी अचानक हाक मारल्यासारखा. खिळा हातात घेऊन ती क्षणभर त्या बाईकडे पाहत राहिली. सोइनाहने या चेहऱ्यात काय पाहिले असेल, ते तिला दिसेना. तिने भातावर खिळा दाबला, भोक आरपार गेल्याची खात्री केली आणि कागदाची घडी घातली.

मोजणीला बसले ते शाळेचे मास्तर मुर्योनो. ते एकेक कागद उलगडून उन्हाकडे धरत. भोकातून उजेड कुठे येतो ते लोकांना दिसे आणि मास्तरांआधी मांडवच ओरडे, "भात!" भात, भात, भात. गितो मांडवाच्या खांबाला टेकून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. प्रावोतोचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. कागदांचा ढीग खाली खाली आला तसे वारसितीलाही वाटले, की झाले, सुटले. पेटीत बोटांवर मोजण्याइतके कागद उरले होते.

मास्तरांनी कागद वर धरला. मांडव ओरडायला गेला आणि थांबला. उजेड मक्यातून येत होता.

"मका," मास्तर हळूच म्हणाले, जणू एखादे दुखणे सांगत होते.

मग प्रावोतो स्वतःच उठला. त्याने वारसितीचा हात धरून वर केला. "घरात एक तरी विरोधक हवाच!" तो मोठ्याने म्हणाला आणि मांडव सुटल्यासारखा हसला. त्याची बोटे तिच्या मनगटावर गच्च होती.

"गेली माझी पैज," गितो म्हणाला. "एका मतानं."

घरी परतेपर्यंत मगरिबची, सांजेची बांग झाली होती. ओटीवर लोक अभिनंदनाला येऊन गेले, चहा, कॉफी, उकडलेले कंद झाले. शेवटचा माणूस गेल्यावर प्रावोतोने टोपी काढून मेजावर ठेवली. त्याच्या कपाळावर टोपीची लाल रेघ उमटली होती.

"पार्ती तुझ्यापाशी काय बोलली?" त्याने विचारले.

"कणीस वाकडं होतं म्हणाली."

"हं." तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. "वरच्या लायनीत हवा धरलीय म्हणतात. सकाळी जाऊन बघतो." आणि त्याने खुंटीवरच्या चावीला हात घातला.

वारसितीने चुलीपुढची फुंकणी खाली ठेवली.

"ते मत माझं होतं."

त्याचा हात चावीवर तसाच राहिला. "कुणाचं?"

"माझं. मी मक्यावर मारला."

"तू?" तो वळला. "एक महिना घरोघर तूच सांगत फिरलीस."

"हो."

"मग का?"

कारण तिने ठरवून ठेवलेले नव्हते. ती सावकाश म्हणाली, "दोनदा उभं केलंत. एकदा तरी माझ्या नावावर कुणी खिळा मारावा, असं वाटलं. दुसरं कोण मारणार?"

मंचावर बसलेला, गावाला नावाने हाक मारणारा माणूस प्रावोतोच्या चेहऱ्यावरून उतरत गेला आणि खाली एक थकलेला, फसवला गेलेला म्हातारा उरला. तिला त्याची दया आली. खरे सांगितले असते, तर तो या क्षणी पुन्हा सुखी झाला असता.

"गितो खरं म्हणाला म्हणायचं," तो म्हणाला. "उजेड स्वयंपाकघरावर पडला."

"कॉफी ठेवू?"

"नको. तुझ्या हातची नको."

त्याने चावी सोडली. ती भिंतीवर एकदा हलली आणि स्थिर झाली. तो बाहेरच्या खोलीत गेला. चटई ओढल्याचा, उशी टाकल्याचा आवाज आला. उद्याही तो तिथेच झोपणार, परवाही, हे तिला समजले. लोकांसमोर तो तिला पूर्वीसारखाच इबू म्हणेल आणि घरात काहीच म्हणणार नाही.

मांडवातून आणलेला मक्याचा झुपका तिने सोडला. पाला मागे वळवून दोन दोन कणसांच्या गाठी मारल्या आणि चुलीवरच्या वाशाला, धुरात, बियाण्यासाठी टांगल्या. मग ती हात धुवायला उठली, आणि घळीच्या बाजूने तो आवाज आला. टण. टण.

आजवर आवाज आला, की ती काहीतरी काम हाती घेई. आज तिने मागचे दार उघडले आणि चौकटीला धरून ती अंधारात उभी राहिली. डबा दगडावरून दगडावर खाली जात होता. तो नेहमीच्या जागी तुटला नाही. खूप खाली गेला, अगदी बारीक झाला. वारसिती हलली नाही. तो तळाला पोहोचेपर्यंत ऐकत राहिली.