धाकट्या जावेची आरती

मी गाडीतली मागची बॅटरी बोलतेय. गाडी म्हणजे चाकणला शिफ्टचे कामगार नेणारी जुनी बस. निघोज्याच्या कंपनीत फिटर असलेल्या मालोजीने ती घेतली, आत पलंग बसवला, शेगडी मांडली आणि सुट्टीत बायकोला, आईला फिरवायला चाकांवरचं घर केलं. त्या घरात आम्ही दोघी जावा. थोरली पुढे इंजिनाशेजारी. धाकटी मी, सीटखालच्या अंधारात.

थोरलीचं काम काय? किल्ली फिरली की एक धक्का द्यायचा. मुक्कामात दिवे, पंखा, मोबाइल सगळं मी ओढते. तरी बॉनेट उघडलं की मालोजी तिलाच पुसतो. वर कौतुक, "हिची कटकट नाही. पाणी घालायला नको, काही नको." म्हणजे कटकट माझी!

खंडेनवमीला तर माझा नुसता जळफळाट होतो. काळेवाडीच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी पान्ह्यापासून रिक्षापर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. थोरलीला झेंडूचा हार. मला वर बसणाऱ्यांचं वजन.

यंदा मात्र मालोजीची आई गोजाबाई सुनेला म्हणाली, "पूनम, पुढचीला ओवाळायचं आन् मागचीला न्हाई? हीबी राबतीच की गं!"

किती सुखावले मी! पण मालोजी मला चार्जिंगला लावून, दारं ओढून फुलं आणायला गेला होता. माझं पाणी आटलेलं. पोटात बुडबुडे उठत होते आणि त्यांतून सुटणारा वायू गाडीत कोंडला होता. त्याला एक ज्योत पुरे. मला ते कळत होतं. पण तबक माझ्याकडे येत होतं. माझ्याकडे!

पुढे असलेल्या पूनमने दार उघडलं आणि नाकाला ओढणी लावली. सडक्या अंड्यांचा वास.

"आई, थांबा! निरांजन घेऊन मागं व्हा!"

"अगं, पर का?"

"बॅटरीचा गॅस साठलाय. भडका उडेल!"

"अगं बया! माझ्या तोंडावरच की!"

पूनमने धावत जाऊन राहत्या घरातलं चार्जरचं बटण बंद केलं, मग गाडीची सगळी दारं-खिडक्या उघडल्या. ठिणगी उडेल म्हणून माझ्या चिमट्यांना हातही लावला नाही. निरांजन फुंकून कसं विझवायचं, म्हणून गोजाबाईने ते लांबूनच बॉनेटला ओवाळलं. माझ्या वाट्याची आरतीही थोरलीलाच!

मालोजी आला. पूनमने झालं ते सांगितलं. "दारं कुणी लावली?"

"तुम्हीच! मांजर शिरतं म्हणालात."

"आन् मला म्हातारीला धाडीत व्हतास व्हय रे वर?" गोजाबाईने विचारलं. 

गाडीत वारा खेळला, मी निवले, तेव्हा त्याने अंगठी काढली, चष्मा आणि रबरी हातमोजे घातले आणि माझी झाकणं उघडली. गोजाबाई नळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"ते नको आई. हिला डिस्टिल्ड वॉटरच लागतं."

"लई नखरे हायत हिचे!"

तिने कुंकू लावलं, पण सीटच्या फळीला. थोरलीच्या थेट कपाळाला!

तरी सांगते, थोरलीचे लाड खुशाल करा. मी जळेन, ते माझं मी बघेन. माझ्याकडे येताना मात्र दारं उघडी ठेवा, ज्योत बाहेर ठेवा. आणि घरात आलेल्या माणसाला विचारता ना, तसं मला आधी पाणी विचारा.