राघोची गाडी

पुलीच्या नटाला लांब पाना लावून गुणाजीने अंगाचा सगळा भार टाकला, तरी जाम झालेलं इंजिन हललं नाही. आदल्या दिवशी त्याने प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडून ठेवलं होतं.

"काका, सोडा ना आता. क्रेनवाल्याला फोन करतो, अर्ध्या तासात उचलून नेईल," हितेश म्हणाला.

"खेचून नेऊ द्यायची नाय," ओट्यावरून त्याची आई, आवडाबाई, बोलल्या. "ती हितं चालत आली, चालत जाईल."

टिटवाळ्याची ही जागा हितेशने बिल्डरला दिली होती. सोमवारपासून खोदकाम सुरू होणार होतं आणि त्याच्या वडिलांचा, राघोचा, ट्रक सहा वर्षं आंब्याखाली उभा होता. मुरबाडच्या एका वीटभट्टीवाल्याने तो घेतला होता. रविवारी गोवेलीच्या नाक्यावर त्याचा ड्रायव्हर येणार होता. म्हणून आवडाबाईंनी वर्तकनगरला गुणाजी मिस्त्रीला फोन लावला होता. त्याने मोहने गावातलं आपलं गॅरेज कधीच बंद केलं होतं. तो आता मुलीकडे राहायचा. "भावोजी, गाडी चालू करायची हाय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. राघोला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गुणाजी त्याच्या दहाव्यालाही आला नव्हता.

तेवीस वर्षं राघोची गाडी त्याच्या हाताखाली होती. सहा वर्षांपूर्वी त्याने तिचं शेवटचं काम केलं आणि आठच दिवसांनी माळशेज घाटात ती उकळली. घाईत रेडिएटरचं झाकण उघडताना राघोचा हात कोपरापर्यंत भाजला. बांधलेल्या हातानेच तो गॅरेजवर आला आणि म्हणाला, "गुणा, काम नीट केलं नाय तू." चार गिऱ्हाइकं उभी होती. गुणाजी म्हणाला, "तूच पाणी बघितलं नसशील." रोज सकाळी चहाच्या आधी गाडीचं पाणी बघणाऱ्या माणसाला तो असं बोलला. राघो वळून गेला. पुढे दोघांपैकी कोणीच फोन केला नाही.

दुपारी पाना दोन बोटं सरकला. मग हळूहळू इंजिन फिरायला लागलं. गुणाजीने टाकीतलं गढूळ डिझेल काढलं, नवं भरलं, फिल्टर बदलला, हाताने पंप मारून लायनीतली हवा काढली. बॅटरी जोडून सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि सुरू झालं. आवडाबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

पण पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला.

शनिवारी त्याने रेडिएटर उतरवला. आतून विटकरी चिखल निघाला. तो धुऊन काढला, पंख्याचा पट्टा नवा घातला, वॉटर पंप उघडून बघितला. पंप चांगला होता. गाडी पुन्हा तापली. वरचा पाइप चटका बसेल इतका गरम झाला पाहिजे होता, तो नुसता कोमट होता. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे येतच नव्हतं.

मग गुणाजीने थर्मोस्टॅट काढला, पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडून देणारा.

"वहिनी, एका पातेल्यात पाणी उकळता का?"

त्याने तो दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडला. पाणी तापलं की त्याचं तोंड उघडायला हवं. दोघं गॅसशेजारी उभे राहून बघत होते. पाणी खळाखळा उकळलं, तोंड बंदच राहिलं.

"उघडत नाय?" आवडाबाईंनी विचारलं.

"नाही." त्याने गॅस बंद केला. "हा मीच बसवलेला. नवा माल मी आधी असाच उकळून बघायचो. त्या दिवशी गणपतीला गावी जायचं होतं, गावची एसटी सुटेल म्हणून डबी फोडली आणि तसाच बसवला. वहिनी, चूक माझी होती. त्याची नव्हती."

आवडाबाईंनी पातेलं खाली उतरवलं.

"हितेशनं दोनदा दुसरा मिस्त्री आणलेला. ह्यांनी हात लावू दिला नाय," त्या म्हणाल्या. "बोलायचे, गुणा येल."

गुणाजी बाहेर गेला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

रविवारी नवा थर्मोस्टॅट आधी उकळून, मग बसवून त्याने गाडी बाहेर काढली. आवडाबाई शेजारी बसल्या होत्या. रस्त्याच्या वळणापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "थांबवा, मना उतरायचं." उतरून त्यांनी दारावर हात ठेवला आणि पाठ न फिरवता दोन पावलं मागं सरकल्या.

गोवेलीच्या चढावरही काटा मध्यावर राहिला. नाक्यावर भट्टीचा ड्रायव्हर उभा होता, तिशीचा माणूस. गुणाजीने त्याला सांगितलं की सकाळी दोन मिनिटं तिला नुसती चालू ठेव, गरम असताना झाकण उघडू नकोस, रोज पाणी बघ. तो मान डोलवत होता. किल्ली घेऊन वर चढला.

ट्रक मुरबाडच्या रस्त्याला लागला. गुणाजी कडेला उभा राहून ऐकत होता. दुसरा गिअर, मग तिसरा. तिसरा टाकायच्या आधी राघो क्षणभर थांबायचा, इंजिनाला श्वास घेऊ द्यायचा.

हा थांबला नाही.