पावणेतीन किलोंचा मी

"याच्यापेक्षा शिलाई मशीन खांद्यावर घेतलं असतं तर परवडलं असतं," दुकानाचा जिना चढताना बबी पुटपुटली. तिच्या पाठीवरच्या पिशवीत मीच होतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. मित्रांनो, मला राग आला नाही. खरं बोललेलं मला चालतं. मी आहेच तसा: बारा वर्षांचा, पावणेतीन किलोंचा, पंखा घुरघुरणारा एक म्हातारा लॅपटॉप.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडं ओळीने यायचो. हातमोजे घातलेल्या बाया आमच्या पोटात तारा बसवायच्या, झाकण मिटायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. कौतुकाला तिथे कुणाला सवड नव्हती. मला घडवलं होतं कचेरीतल्या टेबलासाठी. एकदा ठेवला की पुन्हा उचलायचा नाही, असा माझा बांधा. पण नशिबात बबीचे बाबा होते.

बाबांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानोदुकानी फिरून कुठला काटा खरं बोलतो आणि कुठला थापा मारतो, हे ते तपासतात. त्यांच्या खिशात कायम एक छोटा हुकाचा काटा असतो आणि हाताला लागेल ती वस्तू ते त्याला टांगतात. बबी जन्मली तेव्हा दुपट्यासकट तिलाही टांगलं होतं म्हणे. बारा वर्षांपूर्वी दुकानातले सगळे लॅपटॉप त्यांनी कापडी पिशवीत घालून एकेक करून तोलले. किंमत सगळ्यांची जवळपास तीच, मग ज्यात माल जास्त तोच घ्यावा, असं त्यांचं सरळ म्हणणं. मी सगळ्यात जड निघालो आणि पहिला आलो. आयुष्यात तेवढाच एकदा.

घरात मात्र माझं सोनं झालं. बबीची आई दवाखान्यात नर्स. तिने माझ्यासमोर बसून वरच्या पदाच्या परीक्षेचा अभ्यास केला आणि निकाल लागल्यावर ओल्या हाताने माझी पाठ थोपटली. बाबा एका बोटाने गिऱ्हाइकांना पत्रं लिहायचे. एक 'कळावे' लिहीपर्यंत चहा निवायचा. सहा वर्षांची बबी घराचा नकाशा काढायची. त्यात स्वयंपाकघर मैदानाएवढं आणि आंघोळीची जागा बोटाएवढी. पुढे तिला नकाशांचं वेडच लागलं. गल्ली झाली, शाळा झाली, शाळेमागचा ओढा झाला. माझी एक कळ निखळली, तेव्हा आईने तिथे शर्टाचं बटण चिकटवलं. ते अजून आहे, आणि इतर कळांपेक्षा इमानाने काम करतं.

मग घरात मोबाइल आले आणि माझे दिवस फिरले. माझ्यावर आधी वर्तमानपत्रं आली, मग इस्त्रीचे कपडे, शेवटी एक फुलदाणी. बॅटरी तर कधीच दगावली होती. तार काढली की मी डोळे मिटतो. पडून पडून कंटाळलो होतो. अशात एक दिवस बबीला जमीनमोजणीच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तोही आठ तासांच्या प्रवासावरच्या दुसऱ्या गावात.

त्या दिवसापासून गंमत बघा. घरात जो तो फक्त तिच्यासाठी घ्यायच्या नव्या लॅपटॉपबद्दल बोलायला लागला. लॅपटॉपचा पडदा, लॅपटॉपची पिशवी, लॅपटॉप पुसायचं फडकं. प्रवासाचं नाव कुणी काढेना. गाडी दोन दिवसांवर आली होती, तरी बबीची बॅग कपाटावरच होती. कुणी काढायची, हाच प्रश्न.

तर दुकान. माझ्यातले नकाशे नव्या लॅपटॉपमध्ये घालायचे, म्हणून आईबाबा आणि बबीबरोबर माझीही वरात निघाली होती. दुकानवाल्या बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. "काम काय करणार?" त्यांनी विचारलं.

"नकाशे. आणि मोजणीची आकडेमोड," बबी म्हणाली.

"मग मेमरी चांगली घे, उद्या रडवणार नाही. गेम खेळणाऱ्यांचं महागडं ग्राफिक्स कार्ड मात्र नको, ते पैसे वाचव. आणि बसणार कुठे कामाला?"

आई चार्जरच्या खोक्यावरचं बारीक अक्षर मन लावून वाचू लागली. खोकं उलटं होतं.

"घरीच," बाबा म्हणाले. "खिडकीपाशी टेबल आहे."

बबीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे.

बाईंनी दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक पाटाएवढा, दुसरा वहीएवढा. किमतीत फारसा फरक नव्हता. बाबांचा काटा बाहेर आलाच. "हा बघा, दुपटीहून जास्त माल. त्याच पैशात."

"अहो, कलिंगड आहे का ते?" बाई म्हणाल्या.

"पुरे हो," आई हळूच म्हणाली, "लोक बघतायत."

"बघू देत. पडदा केवढा आहे बघ. टेबलावर कसा शोभेल."

"बाबा, मला तो पाठीवर घेऊन रानोमाळ हिंडायचंय," बबी म्हणाली. "तिथे झाडाला प्लग नसतो. हा लहान दहा तास चालतो."

"प्लग घरी आहेत की."

माझा पंखा बंद होता, नाहीतर मी घुरघुरलो असतो. कारण घरात दुसऱ्यांदा एवढा खर्च होणार नव्हता. आज जो बांधला जाईल, तो पोरीच्या खांद्याला तीन वर्षं. मित्रांनो, माझं एवढं ऐका. लॅपटॉप घेताना तो केवढा आहे ते मागाहून बघा. आधी विचारा, तो राहणार कुठे, कुणाच्या पाठीवरून जाणार, तारेवाचून किती तास तग धरणार. आणि घरी आणलात की त्याची धूळ पुसा. फुलदाणीला दुसरी जागा असते.

बबी वाद घालत बसली नाही. "बाबा, जरा हे धरा ना," म्हणत तिने माझी पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली आणि बाईंशी हमीच्या अटींचं बोलत राहिली. बाबा उभे राहिले. पाच मिनिटांनी त्यांनी मला डाव्या खांद्यावर घेतलं. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा उजव्या. हातातला काटा न बघताच त्यांना माझं वजन कळलं असावं, कारण त्यांनी तो मुकाट खिशात ठेवला.

"तो लहान बांधा," ते म्हणाले.

"मग मघापासून काय अडलं होतं?" बाईंनी विचारलं.

बाबांनी मला अलगद काउंटरवर ठेवलं. पिशवीचा पट्टा सरळ केला. मग पुन्हा एकदा केला.

"मोठा घेतला असता तर हिच्याच्याने नेववला नसता," ते म्हणाले. "घरीच राहिला असता. मला वाटलं, त्याच्यापायी हीसुद्धा सारखी घरी येत राहील." आई खोकं खाली ठेवून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. बाबा बबीकडे वळले.

"तू गेलीस की मला करमायचं नाही, बबी."